पत्र्याच्या हत्तींची खोली

आमचा धाकटा दीर अनंता फार शहाणा आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे. दुसऱ्या कुणाचं असल्याचं माझ्या कानावर नाय. भातसानगरला धरणाच्या स्टोअरात तो नटबोल्ट मोजून द्यायचा. निवृत्त झाला तसा धसईच्या अलीकडे आमच्या आवारात परत आला, आणि येताना सर्कसच्या आगगाड्या घेऊन आला.

आगगाड्या म्हणजे खेळण्यातल्या. पत्र्याच्या, चावीच्या, जुन्यापुराण्या. इंजिनावर जोकर बसलेला, मागे पिंजऱ्याचे डबे. एकात सिंह, एकात वाघ, दोनात हत्ती, एका डब्याच्या छपरातून जिराफाची मान वर आलेली. एक गाडी म्हणे जर्मनीची, एक जपानची. हा मुंबईच्या जुन्या बाजारात हिंडतो, मोबाईलवर बोली लावतो, आणि खोकं यायचं असलं की नवी सून यायची असल्यासारखा दारात उभा राहतो. खोकं फेकत नाय. रिकाम्या खोक्याला गाडीपेक्षा जास्त मान असतो, हे मी त्याच्याकडूनच शिकले.

बरं, गाडी चालवावी ना? तर ते पण नाय. चावी दिली तर स्प्रिंग तुटेल, हात लावला तर रंग जाईल, ऊन लागलं तर फिकी पडेल. मी एकदा विचारलं, "मग अनंता, करायचं काय हिचं?"

"बघायचं, वैनी. बालपण आठवतं."

कुणाचं बालपण? मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा हा चड्डीत होता, आणि चड्डीला मागे ठिगळ होतं. चिखलाचे बैल करायचा, पपईच्या देठाची पिपाणी फुंकून सासूबाईंचं डोकं उठवायचा. खेळण्यातली सोडा, खरी आगगाडीसुद्धा मिशा फुटेपर्यंत त्याने पाहिली नव्हती. सर्कस एकदा मुरबाडला आली होती, तेव्हा आमचे हे त्याला घेऊन गेले. सिंहाने नुसती जांभई दिली, तर हा असा काय रडला की हत्ती यायच्या आधीच त्याला तंबूबाहेर काढावं लागलं. चड्डी मी धुतली. आता तोच माणूस ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगतो, "त्या तंबूचा वास अजून नाकात आहे." असेल. माझ्याही आहे.

पाहुणे त्याच्याच जातकुळीचे. पिकलेल्या केसांचे बाप्ये. डब्यांसमोर हात मागे बांधून उभे राहायचे आणि उसासे टाकायचे, "काय दिवस होते हो!" दिवस कसले होते ते त्या दिवसांत भांडी घासलेल्या बायकांना विचारा. पण तेवढ्यापुरती मी गप्प बसले असते. चंद्रकलाचं झालं म्हणून गप्प बसवेना.

चंद्रकला अनंताची बायको, माझी जाऊ. माघात विहिरीपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरने वॉकर दिला आणि बजावलं, परत पडलात तर अंथरूण सुटायचं नाय, खाट मोरीला लागून ठेवा. आता त्यांच्या घरात मोरी-संडास आहे मधल्या खोलीला लागून, आणि मधल्या खोलीत सर्कस. भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर फळ्या, फळ्यांवर गाड्या. चंद्रकलाची खाट बाहेर ओटीवर. ओटीवरून आत यायला दोन पायऱ्या चढायच्या. दर खेपेला ती पायरीशी थांबायची, वॉकर आधी वर ठेवायची आणि मग डोळे मिटून पाय उचलायची.

"गाड्या माळ्यावर टाक," मी अनंताला म्हटलं, "आणि तिची खाट आत घे."

"माळ्यावर ओल येते, वैनी. पत्रा गंजतो."

"आणि बायको पडली म्हणजे?"

"चार पावलं तर हायेत."

चंद्रकला त्याच्यासमोर कधी तोंड उघडायची नाय. मला मात्र एकदा म्हणाली, "बाय, आता पडले ना, तर मी उठत नाय."

मग माझी नात माधुरी कल्याणहून आली, रांगायच्या बेतातली मुलगी घेऊन. चुलत आजीला बघायला गेली, मी पण बरोबर. मधल्या खोलीत ठाण्याचे पाहुणे उसासत होते. चंद्रकलाला मोरीत जायचं होतं. माधुरीने एका हाताने तिला धरलं, कमरेवर पोर. पाहुणे बाजूला सरले. फळी नेमकी पोरीच्या हाताशी आली आणि तिने जिराफाची मान धरून डबा उचलला.

"अरे, अरे! सोड, सोड!" अनंता असा धावला की जणू घराला आग लागली.

आमच्याकडे एक रीत आहे. लहान मूल घरात पहिल्यांदा आलं आणि त्याने ज्या वस्तूला हात घातला, ती त्याच्या हातातून काढून घेत नाहीत. काढली तर घरची बरकत त्याच्यामागे जाते. मी स्वतः चांगलं सागाचं लाटणं असं दिलेलं आहे.

"अवो, पयल्यांदा आलंय लेकरू," वॉकरला धरून चंद्रकला म्हणाली. "काढून घेऊ नका हां."

"वा!" एक पाहुणा म्हणाला. "बालपणाकडेच गेलं की हो बालपण!"

झालं. अनंताला हसावं लागलं. इतकं वाईट हसू मी मयताच्या घरीसुद्धा पाहिलेलं नाय. पोरगी तर फाटकापर्यंत पोचेस्तोवर जिराफाला विसरली.

चंद्रकलाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. जावा-जावांना दर गोष्ट बोलावी लागत नाय.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या घरातल्या संजीवनीला गाठलं. तिच्या नातवाला नुकते दात आलेले. "चंद्रकलाला बघायला जा गो. पोराला पण ने."

"पाळण्यातलं चालंल का कमरेवरचं?" संजीवनी म्हणाली. बातमी तिच्यापर्यंत पोचलीच होती.

"कमरेवरचं."

अनंताने खोलीला कुलूप घालायचं म्हटलं, पण मोरीची वाटच तिथून. पहारा द्यायचा म्हटलं, तर बायका मोरीकडे निघाल्या की पुरुषाने बाहेर व्हायचं, एवढी लाज त्यालाही होती. संजीवनीच्या नातवाने अख्खं इंजिन नेलं, जोकरासकट.

मग वाडीवरची यमू आली. आमच्या भाताची आवणी-लावणी ती इतकी वर्षं करते, पण अनंताने तिला चहा कायम अंगणातच दिला. चंद्रकलाने ओटीवरून हाक मारली, "यमू, आत ये गो. नातवाला घेऊन ये." नातवाने वाघ उचलला.

"हिचं पोर पण?" अनंता ओरडला.

"पोर नाय का ते?" चंद्रकला म्हणाली. "तुमीच कधी आत घेतलं नाय, मग पयल्यांदाच असणार."

लग्न झाल्यापासून नवऱ्याला तिने दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. तिचं तिलाच नवल वाटलं असेल.

त्या पोराने वाघाच्या डब्याला सुतळी बांधली आणि दिवसभर अंगणात ओढत फिरला. अनंताच्या एवढ्या गाड्यांत चाललेला तेवढा एक डबा.

मग गावातल्या जयरामची मुलगी जुळी घेऊन माहेरी येणार, हे अनंताला न्हाव्याकडे कळलं. कसं कळलं ते मला विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा शिडीवर, आणि शेजारचा नथू खालून खोकी वर देतोय.

"ओल लागंल ना रे गाड्यांना?" मी विचारलं.

"प्लास्टिकात गुंडाळल्यात."

म्हणजे घरात प्लास्टिक होतं. माघापासून होतं.

दुपारी खाट आत गेली. जुळी आली, त्यांच्या हाताशी काही लागलं नाय, नारळ-साखर घेऊन परत गेली.

परवा ठाण्याचे पाहुणे परत आले. अनंताने त्यांना ओटीवर बसवून आवाज खाली आणून सांगितलं, "मिसेससाठी खोली सोडली. शेवटी माणूस महत्त्वाचं." पाहुण्यांनी उसासे टाकले. म्हणाले, असा त्याग कुणी करत नाय हल्ली. मी आत चंद्रकलाच्या खाटेवर बसलेले, ती मोरीत गेलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर जाऊन दोन शब्द सुनवावे म्हणून उठले.

चंद्रकला तेवढ्यात मोरीतून आली, एकटी, भिंतीला हात लावून. माझा पदर धरला तिने.

"जाऊ नका, बाय. बोलू दे त्यांना," ती हळूच म्हणाली. "चार मानसांत सांगितलंय. आता गाड्या परत खाली आनायला तोंड हाय का त्यांना?"

आणि खाटेवर पाय पसरून तिने भिंतीकडे कूस केली.