कुलूपबाई

आमच्या डॉक्टरीणबाईंना कासारवाडीत सगळे ‘कुलूपबाई’ म्हणत. मनाच्या दुखण्यांवर औषध देणाऱ्या त्या एकट्याच, आणि पेशंटच्या पोटातलं ओठावर आणायचं नाही, हा त्यांचा नेम. मी त्यांची नर्स. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून दर सकाळी मला दम मिळायचा. आजही नावं बदलूनच लिहितेय.

बायका पदर खोचून यायच्या. “बाई, आमचे हे तुम्हाला काय सांगतात?” बाई त्यांना चहा पाजायच्या, पोराबाळांची चौकशी करायच्या आणि ताकास तूर लागू न देता वाटेला लावायच्या. मात्र नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी बजावायच्या, “तुझं सगळं माझ्यापाशी राहील. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर मात्र बोलेन, आणि तुझ्यासमोर बोलेन.”

मोशीचा भानुदास एका कारखान्यात प्रेसवर होता. जोडीदार सदा साच्यात पत्रा ठेवायचा, हात काढायचा, की भानुदास पायडल दाबायचा आणि वरचा जड ठोकळा खाली आदळायचा. एके दिवशी तो म्हणाला, “सदा माज्या डब्यात इख कालवतोय. उद्या त्याचं हात आत असतानाच पाय दाबतो.”

बाईंचा चेहरा उतरला. “भानुदास, पहिल्या दिवशी काय ठरलं होतं?”

“मला येडा ठरवून घरी बसवत्याल, बाई! पोरं काय खात्याल?”

“ते मी बघते. चल.”

त्याच्या भावाला बोलावून आम्ही चौघं कारखान्यात गेलो. मॅनेजरसाहेबांनी आजार विचारला. बाई म्हणाल्या, “आजार माझ्यापाशी राहू द्या. यांच्या हातून जोडीदाराला इजा होईल, एवढंच ऐका. मी सांगेपर्यंत रजा द्या, पुढे सदाबरोबर नको आणि मशीनवर नको. नोकरी मात्र ठेवा.” साहेब भले होते, त्यांनी ऐकलं आणि बोभाटा केला नाही.

“कुलूप म्हनं!” भानुदास दारातच थुंकला. बाईंना ते फार लागलं. पुढे भाऊ त्याला औषधाला ओढून आणायचा. हळूहळू तो सावरला, स्टोअरमध्ये लागला, पण बाईंशी मोकळेपणाने पुन्हा कधी बोलला नाही.

आणि सदा? भानुदासच्या रजेच्या दुसऱ्याच आठवड्यात तो तणतणत दवाखान्यात आला. “तुम्ही साहेबाला रजा द्यायला लावली म्हणून माझा जोडीदार गेला! नव्या माणसाचा हात बसंना, ओव्हरटाइम बुडाला. भल्या माणसाला आजारी पाडता व्हय?” टेबलावर हात आपटत होता, बाईंच्या तोंडापुढे नाचवत होता. मला राहवेना, मी तोंड उघडलंच. बाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

त्या शिव्या खात राहिल्या. नजर सदाच्या तोंडाकडे नव्हतीच. त्या त्याचे हात बघत होत्या, आणि डोळे भरून आले होते.