रान तारेपलीकडे गेलं

पत्रावळी टाचायला बसलं की हात गुंततात, पण तोंड मोकळं राहतं. मानोऱ्याकडच्या आमच्या आंध आदिवासींच्या वस्तीवर आम्ही चार-पाच जणी अशाच बसतो. एकीनं सांगितलं की दुसरीला तसलंच आठवतं. आधी हसू येतं, मग डोकं तापतं!

वनखात्यानं आमचं पळसाचं रान तोडलं. कशासाठी? झाडं लावायसाठी! भोवती तारेचं कुंपण. उद्घाटनाला पाहुणे आले, माइकवर म्हणाले, "जंगल वाचवा!"

कमलामावशी आमच्यात सगळ्यात म्हातारी. खालूनच ओरडली, "कोनापासून वाचवू? नाव त सांगा!"

पाहुण्यांनी भाषण तिथंच आटोपलं.

आमचा रानदेवही कुंपणाच्या आत अडकला. नारळ घेऊन गेलो तर गेटवरचा म्हणतो, "परवानगी हाय काय? आत कायले जाता?"

मी म्हटलं, "मंग त्यालेच बाहेर बोलाव. आमी इथंच थांबतो!"

नारळ गेटवरच फोडला. देवाला दिसला की नाही, कोण जाणे.

पळस गेला, पानं मिळेनात. आमच्यातल्या सरूनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रावळी टाचल्या. तिच्याच पोरीच्या लग्नात थर्माकोलच्या प्लेटा! तिचा नवरा म्हणाला, "जेवून घे ना, कायले तोंड पाडून राह्यली?"

सरूनं पोळी तळहातावर घेतली, त्यावर भाजी घेतली आणि उभ्यानंच जेवली. प्लेटीला हात लावला नाही.

पण वाशीमचं ऐका. आदिवासींच्या कार्यक्रमात आम्हाला नाचायला बोलावलं. डोक्याला प्लास्टिकची पानं बांधली. मॅडम म्हणाल्या, "मोहफुलं वेचायचा डान्स करा. एकदम रियल वाटला पाहिजे!"

पहिल्याच खुर्चीत वनखात्याचे ते साहेब, ज्यांच्या हुकमानं आमच्या मोहफुलांच्या टोपल्या हिसकून नेल्या होत्या!

आम्ही नाचलो. कमलामावशी नाचली नाही. ती स्टेजवरच खाली बसली आणि सतरंजीवरून फुलं वेचू लागली. नसलेली फुलं! एकेक उचलायची, फुंकर मारायची, ओटीत टाकायची. ढोलकीवाला थांबला.

ओटी सांभाळत ती स्टेजवरून उतरली, साहेबांपुढं उभी राहिली आणि सगळी ओटी त्यांच्या मांडीवर रिकामी केली.

"घ्या साहेब, करा जप्त!"

साहेब ताडकन उठले आणि पँट झटकू लागले.