कुत्र्याचा पाय मुरगळला नव्हता

माणसानं जाऊबाईच्या साडीवर जळावं, शेजारणीच्या नव्या स्वयंपाकघरावर जळावं, ते समजू शकतं. मी जळत होते कुत्र्यावर. तेसुद्धा गावठी, एक कान फाटलेल्या, मीच उचलून आणलेल्या कुत्र्यावर!

सहा वर्षांपूर्वी पठारावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेले होते, तेव्हा ते तपकिरी पिल्लू माझ्या ट्रायपॉडच्या पिशवीमागं लागलं. दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा डब्यातली अर्धी पोळी दिली, आणि झालं, थेट गाडीत येऊन बसलं. वलवणला घरी पोचल्यावर नवरा म्हणाला, "आता हे कोण?" मी म्हटलं, "माझा आहे." माझा! त्याला अंघोळ मी घातली, गोचीड मी काढले, इंजेक्शनांना मी नेलं, चिकन-भात आजही मीच शिजवते. आणि हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी जाऊन लवंडला कुठं, तर लेकीच्या पायाशी. ती तेव्हा बारा वर्षांची होती. मी म्हटलं, जाऊ दे, पोरगी खूश आहे ना.

घराच्या पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. पोर्ट्रेट हे माझं खास काम. आता गावाकडची म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसली की आखडून जातात. सोमाटण्याहून एक आबा आले होते, पंच्याहत्तरीच्या पत्रिकेवर फोटो हवा म्हणून. मी म्हटलं, "आबा, हसा जरा." आबा म्हणाले, "हसतोयच की." चेहरा मात्र तलाठ्यासमोर उभं केल्यासारखा. तेवढ्यात कुत्रा आत आला, माझ्या डाव्या पायाशी बसला आणि मान वाकडी करून आबांकडं बघायला लागला. "आरं तिच्या, ह्यो कुटनं आला?" म्हणत आबा असे काही हसले की मला खटाखट सात फोटो मिळाले.

तेव्हापासून आमची ती पद्धतच पडली. पोर्ट्रेट कुणाचंही असो, हा माझ्या डाव्या पायाशी, बिस्किटाच्या आशेनं. लोक फोटो बघून म्हणतात, "मॅडम, माणसं तुमच्याकडं किती प्रेमानं बघतात हो!" मी आपली मान हलवते. कुणाकडं बघतात ते मला माहीत असतं.

धंद्यात ते खपून गेलं. घरात खपेना.

दहावीनंतर लेक माझ्याशी बोलायची कमी झाली. भांडण नाही, काही नाही. "काय झालं गं?" विचारलं की "काही नाही." "कॉलेजात काय म्हणतात?" "काही नाही." आणि संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून कुत्र्याशी मात्र तासभर गप्पा! स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तिची पाठ दिसायची, त्याचा फाटका कान दिसायचा, पुटपुटणं ऐकू यायचं. मी दार उघडलं की पुटपुटणं बंद. दोघंही माझ्याकडं अशी बघायची की वाटावं, मीच आगाऊपणा केला. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. नवरा खंडाळ्याहून रेल्वेची ड्यूटी करून आला की त्याला सांगायचे, तर तो हसायचा. "अगं, कुत्र्यावर कसली जळतेस?" त्याचं हसणं आणखी डोक्यात जायचं.

यंदा तिला बंगळुरूला ॲडमिशन मिळाली. निघायला आठ दिवस राहिले, तेव्हा मी तिच्यासाठी अल्बम करायला घेतला. दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून सहा वर्षांचे फोटो चाळले. आणि हळूहळू लक्षात आलं. प्रत्येक फोटोत पोरीची नजर खाली, एका बाजूला. माझ्या डाव्या पायाकडं. हसू आहे, डोळ्यांत चमक आहे, जगातलं सगळं आहे, पण माझ्याकडं बघतेय असा एक फोटो नाही. आई फोटोग्राफर, आणि एक नाही! मला रडू आलं, मग राग आला. जायच्या आधी मला एक फोटो पाहिजे होता. एकच. माझ्याकडं बघणारा.

मग मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. रविवारी सकाळी लेकीला म्हटलं, "पठारावर सोनकी फुललीय, चल, तुझे फोटो काढते." ती लगेच तयार झाली आणि कुत्र्याचा पट्टा घ्यायला वळली. मी म्हटलं, "त्याला नको. काल सकाळी तू पुण्याला खरेदीला गेलीस ना, तेव्हा बाबांबरोबर फिरताना पाय मुरगळलाय त्याचा. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस चढ नको." ती खाली बसून एकेक पाय चाचपायला लागली. त्यानं मोठ्या आनंदानं चारही पाय आळीपाळीनं तिच्या हातात दिले. मी म्हटलं, "आतून दुखतं ते, वरून कळत नाही." नवरा अंघोळीला गेला होता, नाहीतर तिथंच पितळ उघडं पडलं असतं.

वर पठारावर धुकं उतरत होतं आणि चहूकडं पिवळंधमक. मी ट्रायपॉड लावला, तिला फुलांत बसवलं. "बघ इकडं." तिनं बघितलं, आणि पापणी लवते तोवर नजर घसरली खाली, डावीकडं. तिथं नुसतं गवत होतं! कुत्रा नव्हता, तरी तिथंच! "इकडं गं, माझ्याकडं. हनुवटी वर. खांदे सैल सोड. आता हास." तिनं दात दाखवले. चाळीस फोटो काढले असतील, चाळीसही टाकाऊ. तो घरात कोंडलेला असूनसुद्धा जिंकत होता.

तेवढ्यात वस्तीवरच्या मावशी शेळ्या घेऊन आल्या. आम्ही नेहमी येतो, त्यामुळे चांगली ओळख. काठीला टेकून उभ्या राहत म्हणाल्या, "का वो ताई, आज तुमचा गडी कुटं गेला?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "त्याचा पाय मुरगळलाय मावशी."

"कवा?"

"काल सकाळी."

"काल? आवं, काल सांजच्याला तर धरणाच्या कडंला सायबांसंगं व्हता की! माझ्या शेळ्यांमागं असा उधळलाय, लय पळवलं बगा सायबांना. कसला पाय न् कसलं काय!" हसत हसत त्या शेळ्या हाकत पुढं गेल्या.

लेकीनं मान वळवली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. सरळ. इतक्या रागानं माझ्याकडं कुणी बघितलेलं मला आठवत नाही. आणि माझं बोट, सवयीचं मेलं, दाबलं गेलं. खट्.

"आत्तासुद्धा काढलास?" ती ओरडली.

मी कॅमेरा बंद केला.

"तू कुत्र्याच्या पायाबद्दल खोटं बोललीस? का आई?"

काहीतरी थाप मारता आली असती, पण एक थाप आत्ताच पकडली गेली होती. मी सोनकीत मटकन बसले. "तू माझ्याकडं बघत नाहीस म्हणून. सहा वर्षांत एक फोटो नाही माझ्याकडं बघतानाचा. त्याच्याशी तास तास बोलतेस आणि मला काय, तर 'काही नाही'. जळते मी त्याच्यावर. हो, जळते! हास आता."

ती हसली नाही. म्हणाली, "तो मला हनुवटी वर घे म्हणत नाही."

लागलं मला ते. पण खरंच होतं. मी विचारलं, "एवढं काय सांगत असतेस गं त्याला?"

"आधी काहीबाही सांगायचे. ॲडमिशन झाल्यापासून एकच सांगते. की मी परत येणारे." ती मुठीनं गवत उपटायला लागली. "त्याला कळत नाही ना आई. बॅग घेऊन निघाले की त्याला वाटेल, सोडून गेली. किती दिवस वाट बघेल आणि मग विसरेल. दिवाळीत आले आणि त्यानं ओळखलंच नाही तर?"

ती गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि इतकं सगळं होऊनही माझ्यातली जळकी बाई काही गप बसेना.

"आणि माझं काय?" मी विचारलं. "माझ्याबद्दल नाही वाटत काही?"

तिनं डोकं वर केलं. मी काय विचारतेय ते तिला खरंच समजलं नव्हतं. "तुझं काय? तू कुठं विसरणारेस मला? ती भीती मला कधी वाटलीच नाही."

घरी पोचलो तर नवऱ्यानं कुत्र्याला सोडलेलं. तो धावत गेटबाहेर आला, मला ओलांडून तिच्या अंगावर पडला, कुईकुई करत तिचं तोंड चाटायला लागला. ती रस्त्यातच फतकल मारून बसली, त्याच्या फाटक्या कानापाशी तोंड नेलं आणि पुटपुटायला लागली. खोटं कशाला सांगू, तेव्हाही पोटात दुखलंच माझ्या. पण आत चला म्हटलं नाही. तिचं सांगून होईपर्यंत ट्रायपॉड खांद्यावर घेऊन बाहेर उभी राहिले.