हुइयाबाईंचा भाला

न्यूझीलंडमध्ये, पापाकुरात आमच्या शेजारी हुइयाबाई राहायच्या. वय पंच्याहत्तर, माओरी, तीस वर्षं कत्तलखान्यात काम करून निवृत्त झालेल्या. आम्ही पक्के शाकाहारी, म्हणजे शेजार तसा विजोडच. पण २००३ साली मला कळा सुरू झाल्या तेव्हा माझा नवरा रवींद्र कामावर होता, आई पुण्यात होती आणि मला हॉस्पिटलात नेलं ते यांनी. पायातल्या जॅन्डल्सवर, म्हणजे रबरी चपलांवरच, गाडी हाकली आणि इरा जन्मेपर्यंत माझा हात सोडला नाही.

त्या उपकारातून त्यांनी मला कधी उतराई होऊच दिलं नाही. साडी नेली, तर नेसायची कुठे म्हणून परत. लाडू दिले, तर डब्यातून दुप्पट फळं परत. आभार मानायला गेलं की "स्वीट ॲज", म्हणजे त्यात काय एवढं, म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. मला याचा रागच यायचा. देण्याचा मक्ता काय यांनी एकटीनंच घेतलाय?

२००७ साली त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दिलेली काठी त्यांनी दारामागे उभी केली ती केलीच. कुणाचा हात धरायचा नाही, हा दुसरा हट्ट. आणि तिसरा सगळ्यात मोठा: खाडीत उतरून पाटिकी, म्हणजे तिथला चपटा मासा, अजून एकदा स्वतः मारायचा आणि खायचा. दिवंगत नवऱ्याचा भाला गंजून गेला होता.

"तू इंजिनिअर ना," त्या रवींद्रला म्हणाल्या, "मग मला नवा निवडून दे."

ज्यानं जन्मात झुरळ मारलं नाही, तो भाले बघायला निघाला. आम्ही तिघं दुकानात गेलो. हुइयाबाईंना एक हलका, चकचकीत ॲल्युमिनियमचा भाला आवडला. रवींद्रनं तो जमिनीला टेकवून वर सगळा भार टाकला. दांडा वाकला. दुसऱ्याला एकच टोक होतं. "हा चिखलात रुतत जाईल," तो म्हणाला. शेवटी जाड लाकडी दांड्याचं, पाच पोलादी दात्यांचं एक धूड त्यानं उचललं.

"मासा मारायचाय की बैल?" दुकानदारानं विचारलं.

"जड आहे," रवींद्र म्हणाला, "पण डगमगणार नाही."

हुइयाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. काठीचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनी तोच घेतला.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. शस्त्र आलंच आहे म्हणून मी भाल्याला हळदकुंकू वाहिलं. त्यांनी ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सकाळच्या ओहोटीत त्या गुडघाभर पाण्यात एकट्या शिरल्या. भाला चिखलात, त्यावर भार, मग पाऊल. काठावर माझा जीव टांगणीला लागला होता. मध्येच त्यांचा पाय घसरला. रवींद्र बुटांसकट पाण्यात धावला. पण दोन्ही हातांनी दांडा धरून त्या उभ्या राहिल्या होत्या. भाला जागचा हलला नाही. तासाभरानं त्यांनी एकच घाव घातला आणि मासा वर काढला.

काठावर बसून त्यांनी तो साफ केला आणि माझ्या हातात ठेवला. "पहिला मासा आपण खायचा नसतो, द्यायचा असतो. आमची रीत आहे."

"मग तुमच्यासाठी दुसरा?"

"दुसऱ्यापुरते पाय उरले नाहीत."

म्हणजे इथेही देणाऱ्या त्याच. तो गार, बुळबुळीत मासा हातात धरून मी उभी होते आणि मला एकदम सुचलं.

"आता हा आमचा झाला ना?"

"झाला."

"मग दुपारी जेवायला आमच्याकडे या. दसऱ्याला पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं. आमचीही रीत आहे."

त्या खाडीभर ऐकू जाईल इतक्या हसल्या.

नाकाला रुमाल बांधून, हळद-तिखट लावून मी तो मासा तळला. आमचं त्या वर्षीचं सीमोल्लंघन तव्यावर झालं. इरानं त्यांच्या ताटात डोकावून विचारलं, "नॅनी, इज इट यम?" उत्तर द्यायला त्यांना सवड नव्हती. त्या एकेक काटा चोखत होत्या.

जेवण झाल्यावर रवींद्रनं कोपऱ्यातला भाला आणून पुढे केला. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि माझ्यापुढे हात केला. त्यांच्या दारापर्यंत मी तो हात सोडला नाही.