सरलाबाईला दमा नव्हता

“मॅडम, दमा लिहून द्या ना. दम्याला कोण नावं ठेवतं?”

मिरचीचे व्यापारी भरतशेठ माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले होते. शेजारी त्यांच्या मुकादमिणीचा नवरा, धनराजभाऊ, टोपी मांडीवर ठेवून खाली बघत होता. आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती सरलाबाई बाहेर बाकावर बसली होती. दोन पुरुष आत, बाई बाहेर. माझं डोकं तिथेच तापलं.

“आधी तिला आत बोलवा,” मी म्हटलं.

“ती काय बोलणार मॅडम? साधी बाई आहे.”

“आजार तिचा आहे, शेठ. तुमचा असता तर तुम्हाला बाहेर बसवून तुमच्या नोकराशी बोलले असते का मी?”

धनराजभाऊ उठला आणि तिला घेऊन आला.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी चालते, तिथे माझी नोकरी. डॉक्टर आजार ओळखतात, गोळ्या देतात. त्या आजाराचं पेशंटच्या घरी, गल्लीत, कामावर पुढे काय होतं ते बघणं माझं काम. लोक आमच्या खोलीला ‘मेंटलवाली खोली’ म्हणतात. शेजारी कान-नाक-घसा आहे. बरेच जण आधी त्या रांगेत उभे राहतात, ओळखीचं कोणी नाही ना ते बघतात, आणि मग पटकन आमच्या दारात शिरतात. वाहत्या नाकाची कोणाला लाज वाटत नाही. भीतीची वाटते. याचा मला इतक्या वर्षांनंतरही राग येतो.

सरलाबाई पथारीवरची. आमच्याकडे सीझन सुरू झाला की शहराबाहेरची मोकळी मैदानं लाल होतात. बाजारातून घेतलेली ओली मिरची तिथे उन्हात पसरतात, त्या जागेला पथारी म्हणतात. बायका ओळीने बसून देठ खुडतात, मिरची वरखाली करतात, डागी माल बाजूला काढतात. या बायकांची टोळी जमवायची, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आणि वेळ आली की त्यांच्या वतीने शेठशी भांडायचं, ही कामं मुकादमिणीची. आजूबाजूच्या पथाऱ्यांवर सगळे पुरुष मुकादम. सरलाबाई एकटी बाई. ती मुकादमी तिला कोणी ताटात वाढून दिली नव्हती.

आता पथारीवर ठसका न लागणारा माणूस मला दाखवा. नवीन माणूस तर फाटकातच खोकायला लागतो. त्यामुळे सरलाबाईचा श्वास पहिल्यांदा अडकला तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घाम, ‘मी आता मरते’ असं वाटणं, हे सगळं मिरचीच्या नावावर गेलं. बायकांनी तिच्या तोंडात गूळ घातला, नाकाला ओला रुमाल बांधला. पुन्हा झालं तेव्हा लोक म्हणाले, इतकी वर्षं मिरची खाल्लीय छातीने, आता दमा लागला. कुठल्याशा दवाखान्यातून तिला पंप मिळाला. पंप म्हणजे तोंडात फवारा मारायचं दम्याचं औषध. ते चांगलं औषध आहे, पण त्याने काहींचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. हिची आधीच धडधडत होती. पंप मारला की ती जास्त घाबरायची, आणि घाबरली की पुन्हा पंप मारायची.

अशी चूक मिरचीच्या गावातच व्हायची. दुसरीकडे कुठे असती तर लोकांनी हार्ट अटॅक समजून तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात आणलं असतं.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनी नीट तपासणी केली. फुप्फुसं साफ, ईसीजी ठीक, थायरॉइडही ठीक. त्यांनी पंप बंद केला आणि तिला आमच्याकडे पाठवलं. पहिल्या भेटीत मी तिला साधा प्रश्न विचारला होता.

“शेवटचा झटका कुठे आला, बाई?”

“बँकमा.”

“त्याच्या आधीचा?”

“रनाळेले. भाचीनं लगीन व्हतं. हळद लागी ऱ्हायनी व्हती, नि मन्हा दमच कोंडाई गया.”

“तिथे मिरची होती का?”

ती थांबली. दोन्ही जागा तिने बोटांवर मोजून बघितल्या.

“नही वं ताई,” ती म्हणाली. “तठे मिरची कथाईन येई?”

डॉक्टरांनी निदान केलं: पॅनिक डिसऑर्डर. याचा सोपा अर्थ असा. धोका दिसला की शरीर भोंगा वाजवतं. छाती जोरात चालते, श्वास वाढतो, पाय पळायला तयार होतात. या आजारात धोका नसतानाच भोंगा वाजतो. त्रास शंभर टक्के खरा असतो, नाटक नसतं. पण त्या झटक्याने माणूस मरत नाही. काही वेळात तो आपोआप उतरतो. पहिल्यांदा असं झालं तर आधी हृदय तपासून घ्यावं, तिथे हुशारी करू नये. पण तपासण्या नीट आल्या की मग भीतीला भीती म्हणायची हिंमत लागते.

ती हिंमत त्या दिवशी माझ्या टेबलाभोवती कोणाकडेच नव्हती. धनराजभाऊने निदान शेठना सांगून टाकलं होतं. टोळीतल्या बायकांना कुणकुण लागली होती. ‘बाईनं डोकं गये’ असं पथारीवर बोललं जात होतं. शेठनी तोडगा काढला होता.

“दमा लिहिलं की काम झालं. तिला मिरचीपासून लांब ठेवतो. ऑफिसात सावलीत बसेल, पाणी भरेल, चहा करेल. टोळी माझा भाचा बघेल. घरी बसवत नाही ना मी तिला?”

शेठ वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. ते खरंच तिचं भलं करायला आले होते आणि त्या भल्यापायी तिची मुकादमी जात होती, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी त्यांना समजावलं. भीतीची खोड अशी की माणूस ज्या जागेतून पळतो ती जागा ती बळकावते. सरलाबाईने आधी लग्नाला जाणं सोडलं. मग बँक सोडली. मग मंगळवारचा बाजार. आता तुम्ही दया करून पथारी सोडायला लावताय. दमा असता तर मिरचीपासून लांब ठेवणं बरोबर होतं. पण हा दमा नाही. याच्यावर उपचारच असा, की तिने परत पथारीवर जाऊन उभं राहायचं. खोटा कागद दिला तर औषधच चुकेल.

“आणि खोटं आमचे डॉक्टर लिहिणार नाहीत. मी त्यांना सांगणारही नाही.”

“लोके काय म्हनतीन?” धनराजभाऊ हळूच बोलला.

इतका वेळ गप्प बसलेली सरलाबाई एकदम त्याच्याकडे वळली. “आते काय कमी म्हनी ऱ्हायनात?” मग ती शेठना म्हणाली, “पानी भराले दुसरी दखा, शेठ. मी मुकादमीन शे.”

मला तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली. सरकारी खुर्चीत बसून टाळ्या वाजवता येत नाहीत.

शेठ तणतणत उठले. दारात थांबून म्हणाले, “तोवर टोळी भाचा बघेल. हिने सगळ्यांसमोर टोळी चालवून दाखवली तर हिची. मध्येच पडली तर माझं ऐकायचं.”

“कबूल,” सरलाबाई म्हणाली. मला विचारलंही नाही.

मग काम सुरू झालं. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला जरा अस्वस्थ वाटतं. तिने पहिल्याच आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर फेकायची भाषा केली. मी म्हटलं, खुशाल फेका, पण मग शेठच्या चहात साखर किती ते आत्ताच विचारून ठेवा. गोळ्या राहिल्या.

गोळीच्या जोडीला सराव. मी तिला दवाखान्याचा जिना भरभर चढायला लावलं. वर पोचली तेव्हा तिची छाती भात्यासारखी चालली होती.

“मरी गयी मी, ताई.”

“बोलताय ना? म्हणजे मेला नाहीत.”

ती कठड्याला धरून हसायला लागली. धडधड म्हणजे मरण नाही, हे मी तोंडाने सांगून तिला पटलं नव्हतं. जिन्याने पटवलं. मग बँकेच्या दारापर्यंत जायचं, मग आत, मग रांगेत. मंगळवारचा बाजारही तिने परत मिळवला. श्वास सोडताना लांब सोडायचा आणि झटका आला तर जागा सोडायची नाही, एवढे दोन नियम.

पथारीसाठी तिसरा नियम लागला. मिरचीचा ठसका आणि भीतीचा झटका वेगळा ओळखायचा कसा? तो आम्ही दोघींनी मिळून शोधला. डोळ्या-नाकातून पाणी येऊन खोकला आला तर मिरची. उठायचं, पाणी प्यायचं. डोळे कोरडे आणि छातीत ढोल, तर भीती. तिथेच बसायचं.

पथारीवर जायचं ठरलं तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं.

“सर, तिच्यासोबत मला जायचंय.”

“तिथे झटका आला तर?”

“तो यावा म्हणूनच जातेय.”

सरांनी थोडा विचार केला. “गाडी मिळणार नाही.”

“रिक्षाने जाईन.”

“रुमाल न्या,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रुमाल काही कामाला आला नाही. फाटकातून आत गेल्यापासून माझे डोळे आणि नाक वाहत होते. भाचा वजनकाट्यापाशी उभा होता. शेठ ऑफिसच्या दारात. बायका ओळीत बसल्या होत्या आणि सगळ्यांची नजर सरलाबाईवर. ती पहिल्या ओळीतून दुसरीत गेली, एकीच्या हातातली डागी मिरची काढून बाजूला टाकली, दुसरीला रागावली. मला वाटलं, झालं, आज काही होत नाही.

तिसऱ्या ओळीत ती थांबली. तिचा रंग उतरला. गळ्याशी हात गेला. ती मिरचीच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसली.

एकच कल्ला झाला. एक बाई पाणी घेऊन धावली, एकीने कांदा फोडला, एकीने तर हुंगवायला चप्पल काढली. फिट आली की आमच्याकडे हेच करतात. शेठ ओरडले, “रिक्षा बोलाव रे!”

मी हात मागे बांधून उभी राहिले. आमच्या कामात सगळ्यात अवघड गोष्ट कुठली विचाराल तर ही. धावून जाऊन तिचा हात धरला असता तर ती माझ्यामुळे वाचली असं तिला वाटलं असतं. मी मनातून घाबरले होते, खोटं कशाला सांगू? ती उठून पळाली असती तर मुकादमी तिथेच संपली असती.

सरलाबाईने डोळे उघडले. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचे डोळे ठणठणीत कोरडे होते. तिने पंजा वर केला.

“सरका बठ्या. कोनी हात लावू नका. हाऊ मिरचीना ठसका नही शे. भेव ऊना शे. जशा ऊना तशा जाई.”

‘भेव’, म्हणजे भीती, हा शब्द ऐकून चप्पलवाली बाई चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. सरलाबाई लांब श्वास सोडत होती. हात थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. पण ती जागची हलली नाही. रिक्षा फाटकात येऊन भोंपू वाजवायला लागली.

“तू जाय रे भाऊ,” ती तिथूनच म्हणाली. “आठे कोनी मरत नही.”

हळूहळू खांदे खाली आले. रंग परतला. तिने पदराने कपाळ पुसलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि भोवतीच्या घोळक्याकडे पाहिलं.

“काय दखी ऱ्हायन्यात? देठ काय तुमनी सासू खुडी का?”

बायका आपापल्या ओळीत पळाल्या. कोणी हसलं, कोणी पुटपुटलं, पण हात चालू झाले. सरलाबाई चौथ्या ओळीकडे गेली. मी वळून डोळे पुसले आणि दोष मिरचीला दिला.

शेठ माझ्याजवळ आले. “मॅडम, आज निभावलं. उद्या परत आलं तर?”

“येईल.”

“मग?”

“मग ती परत बसेल आणि परत उठेल. तुम्ही फक्त रिक्षा बोलवू नका.”

थोड्या वेळाने त्यांनी भाच्याला हाक मारून गोदामात पाठवलं. तो त्या सीझनला टोळीकडे परत फिरकला नाही.

मी निघाले तेव्हा एक वयस्क बाई देठ खुडता खुडता, मान वर न करता म्हणाली, “ताई, तुमनी ती खोली कोनता दिनले उघडी ऱ्हास?” मी वार सांगितला. कान-नाक-घसाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, हेही सांगितलं.

सरलाबाईला त्यानंतरही झटके आले. आधी वरचेवर, मग क्वचित. या आजारात बरं होणं म्हणजे भीती पुन्हा कधीच न येणं, असं नसतं. ती आली तरी काम सुटत नाही, इतकं झालं की माझ्या लेखी पेशंट बरा. धडा विचाराल तर एवढाच, की एखाद्याला दयेने सावलीत बसवण्याआधी त्याला ऊन सोसतं का ते विचारावं. बहुतेक वेळा सोसतं.

सीझनच्या शेवटी मी पुन्हा पथारीवर गेले होते. जेवणाची सुट्टी होती. बाहेरगावची खरेदीदार पार्टी माल बघायला आलेली, शेठ त्यांच्यासोबत. सरलाबाईने सगळ्यांसमोर भाकरी संपवली, कमरेच्या पिशवीतून गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. पार्टीतल्या एकाने सहज विचारलं, “बाई, कसली गोळी घेताय?”

शेठ घाईने काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात सरलाबाईने तांब्या खाली ठेवला.

“भेवनी,” ती म्हणाली. “तुमले पायजे का?”