हाकलायला न्हाई कोनी

एका शाळेत अकरा वर्षं काढूनही रंगनाथ सरांना सरजाबाई फारशा कळल्या नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. पालमजवळच्या त्या शाळेत सर मराठी शिकवायचे आणि सरजाबाई पोरांची खिचडी शिजवायच्या. सातवीचा वर्ग आणि स्वयंपाकाची खोली यांत एकच भिंत. तांदूळ निवडता निवडता सगळ्या कविता त्यांच्या कानावर पडत.

कविता शिकवून झाली की सर फळ्यावर दोन गोष्टी लिहीत: विषय आणि सूर. झाड, पाऊस, पाखरू आलं की विषय निसर्गसौंदर्य, सूर आनंदी.

एका थंडीत सरजाबाईंनी खिडकीतून विचारलं, "सर, झाडापाखराच्या कवितेत कोनीच रडत न्हाई व्हय?"

"परीक्षेत रडून मार्क मिळत नाहीत, बाई."

पोरं हसली. त्याही हसल्या.

त्याच थंडीत त्यांनी पदराखालून एक वही काढली. "कवितेवानी कायतरी झालंय. बघा जरा."

ज्वारी आली हुरड्यात, पाखरं उतरली रानी
खा बायांनो पोटभर, हाकलायला न्हाई कोनी

सरांनी लाल पेनानं खाली लिहिलं. विषय: निसर्गसौंदर्य. सूर: आनंदी. बाजूला 'छान'. सरजाबाईंनी ते वाचलं, "बरं" म्हणाल्या आणि वही परत पदराखाली गेली.

यंदा त्या वारल्या. सर घरी भेटायला गेले तेव्हा सरजाबाईंची लेक सुकेशनीनं ती वही पुढं ठेवली. लाल ओळींनंतरची सगळी पानं कोरी होती.

"पाखरं राखायला गोफण घेऊन सिद्धोधनच उभा राहायचा, सर," ती म्हणाली.

सिद्धोधन तिचा धाकटा भाऊ. कविता लिहिली त्या साली, थंडीआधीच्या पावसाळ्यात तो तापानं गेला होता. सरांना ते माहीत होतं; शाळेतर्फे तेच तर भेटून आले होते. पण कवितेत ज्वारी होती, पाखरं होती, आणि तेवढ्यावर त्यांचं वाचणं संपलं होतं. वही मिटायला त्यांचा हात होईना.

सरजाबाई त्यांना शेवटच्या भेटल्या त्या पालमच्या बसस्टँडवर, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा कवितेचा विषय निघाला नाही.

"गाडी कव्हा हाय, सर?"

"साडेचारला."

"लय येळ हाय की. उन्हात कशाला उभं ऱ्हाता, इकडं सावलीला या."

"असू द्या. बरं आहे इथंच."