हनुवटी छातीला

कालिंदी मॅडमचं नाव काढलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बाई वाईट नव्हती, तेच तर दुखणं! वाईट असती तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

शहरात क्रांती चौकाजवळच्या एका मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवायची. बाप कारकून, घरात सगळे पुस्तकी किडे, अन् ही एकटी सॉफ्टबॉलच्या नादी लागलेली. लग्न केलं नाय. चेंडू लागून लागून उजव्या हाताची करंगळी वाकडी झालेली, उठता-बसता गुडघे वाजायचे. माझी संस्कृती तिच्या टीमची कॅचर. म्हणजे बॅटवालीच्या मागं उकिडवं बसायचं अन् येईल तो चेंडू अडवायचा.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या बिडकीनला टँकरची वाट बघायची, अन् अर्धं शिवार कंपन्यांसाठी गेलेलं. मॅडमच्या बोअरला मात्र पाणी. पोरगी शहरातून डोकं धुऊन यायची, केसांना परक्या घराचा वास. जेवताना पण तेच, "मॅडम म्हणतात, भाकरी नीट चावून खा." अगं, पण भाकरी थापतंय कोण? मी जळायचे, सरळ सांगते.

मग मॅडमचा निरोप आला, "राज्याच्या टीमची निवड होईपर्यंत पोरीला माझ्याकडंच राहू द्या." व्हय, आता पोरगीच घेऊन टाक! तडक एसटी पकडली अन् नाय म्हणायला मैदानावर गेले.

तिथं सराव चालला होता. चेंडू टप्पा खाऊन आला की संस्कृती तोंड फिरवायची, अन् चेंडू मागं पळायचा. मॅडम सांगत होती, "पकडायला जाऊ नकोस गं, अडव. गुडघे टेक, ग्लोव्ह मधे जमिनीला, हनुवटी छातीला. चेंडू पुढ्यातच पडला पाहिजे." महिनाभर हेच चाललं होतं म्हणे. शेवटी मॅडमनं स्वतः दुसरा मास्क अन् छातीचं पॅड चढवलं आणि मला म्हणाली, "द्वारकाताई, टाका बरं एक. मी हिला दाखवते."

ढेकळं मारून ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात माझा जन्म गेलेला. सगळा राग हातात उतरला. चेंडू टप्पा खाऊन उसळला अन् थाडकन मॅडमच्या दंडावर बसला. बाई कळवळली, तरी म्हणते कशी, "वा! काय हात आहे! आणखी एक टाका." मी दुसरा उचलला. तो त्याहून जोरात टाकणार होते.

संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं. पोटची पोर ती, माझा हात ओळखते. "मॅडम, तुम्ही व्हा बाजूला," म्हणाली, मास्क खाली ओढला अन् मॅडमच्या जागी येऊन बसली.

हात आवरला नाय मला. टाकला. पोरीनं गुडघे टेकले, हनुवटी छातीला लावली, तोंड जराबी फिरवलं नाय. चेंडू पॅडवर आदळला अन् तिच्या पुढ्यातच पडला.

"जमलं! अगं, जमलं!" मॅडम लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. तिला वाटलं, आपलं शिकवणं कामाला आलं. पण पोरगी चेंडू अडवायला बसलीच नव्हती, मला अडवायला बसली होती. मास्क काढून ती आधी मॅडमचा दंड चोळायला धावली. "लई लागलं का?"

"राहू द्या तिला तुमच्याकडं," मी म्हणलं. मॅडम माझा हात हातात घेऊन आभार मानत होती. पोरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.